वांगी, टोमॅटो आणि सिसिलीचा पास्ता

विद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एखाद्या शास्त्रीय विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा दरवर्षी आग्रह असतो आणि आम्हीही तो आजवर निमूटपणे पाळीत आलो आहोत. एका वर्षी ग्रहणावर लिहिले, एका वर्षी लोहचुंबकावर. ह्या वर्षी मात्र विषय शोधण्यासाठी आम्हांस आकाशाकडे पाहावे लागले नाही की प्रयोगशाळेचे कपाट उघडावे लागले नाही. तो आमच्याच स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर, उतू जाताना आम्हांस सापडला.

विषय आहे पास्ता. हे नाव वाचताच आमचे विद्यार्थी मित्र खूष होतील आणि त्यांच्या घरची वडील मंडळी अंक मिटून ठेवतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. वडील मंडळींनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती. आमच्या घरातही प्रारंभी असेच दोन पक्ष होते.

झाले असे की, आमच्या सौभाग्यवती परिचारिकेचे काम करतात. आठवड्यातून तीन दिवस त्यांची दुपारची पाळी असते व त्या दिवशी घरी यावयास रात्रीचे नऊ वाजतात. साहजिकच त्या तीन दिवसांचा सायंकाळचा स्वयंपाक आमच्याकडे आला. आम्हांस खिचडी येते. खिचडीस आमचा मुळीच विरोध नाही. परंतु सोमवारी खिचडी, बुधवारी खिचडी आणि शुक्रवारी पुन्हा खिचडी असा क्रम दोन महिने चालल्यावर घरात एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. मातोश्री सात वाजताच दूध-पोळी खाऊन उठू लागल्या. मुले काहीतरी पुडी फोडून खात व ताटावर नुसती बसत. सौभाग्यवती दहाच्या सुमारास एकट्याच गार खिचडी वाढून घेत. एका घरात तीन पंगती होऊ लागल्या आणि त्यांतील एकीतही कोणी कोणाशी बोलेना. आमची आठवीत शिकणारी कन्या एके दिवशी म्हणाली, "बाबा, पास्ता करा. अर्ध्या तासात होतो." आम्ही विज्ञानाचे शिक्षक, अर्ध्या तासाचे आव्हान नाकारणे आम्हांस शोभले नसते.

पहिला प्रयोग सांगण्यासारखा नाही; पण विज्ञानात फसलेला प्रयोगही वहीत लिहावयाचा असतो. आम्ही पास्ता कुकरमध्ये घातला, तो बुडेल इतके थंड पाणी ओतले, वर चमचाभर तेल सोडले आणि तीन शिट्ट्या घेतल्या. झाकण उघडले तेव्हा आत पास्ता नव्हता, खळ होती. ज्यांनी पूर्वी पतंगाला लावण्यासाठी किंवा वह्यांना कव्हरे घालण्यासाठी घरी खळ शिजवली असेल, त्यांना तो वास ठाऊक असेल. मातोश्रींनी दारातून पाहिले व म्हणाल्या, "मैद्याचंच ते. दुसरं काय होणार?"

खरी गोष्ट अशी की, तो मैद्याचा नव्हता. पाकीट आम्ही पुन्हा पाहिले. त्यावर 'ड्यूरम गव्हाचा रवा' असे स्पष्ट छापले होते. आम्ही उरलेल्यांतील एक कोरडी नळी मातोश्रींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, पिवळसर काचेसारखी दिसत होती. मग त्यांनी ती दाताखाली धरून कडकन मोडली आणि किंचित आश्चर्याने म्हणाल्या, "अरे, ही तर माळवी गव्हाची शेवई!"

त्या वाक्यात आमच्या ह्या लेखाचे सार आहे. ज्या गव्हाला जग ड्यूरम म्हणते, तोच आपल्या माळव्याचा मालवी किंवा कठिया गहू. बाफले व लाडू करण्यासाठी इंदूरची माणसे तो मुद्दाम वेगळा घेतात. सिहोरच्या नावाने विकला जाणारा शरबती गहू तो हा नव्हे. शरबती हा पोळीचा गहू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, तर ड्यूरममध्ये २८. बेळगाव, सांगली, सातारा भागांतील खपली गहूही ह्याच २८ च्या कुळातला, ड्यूरमचा जुना आप्त. 'ड्यूरम' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कठीण' असा आहे आणि 'कठिया' ह्या शब्दातही तोच अर्थ दडलेला आहे. हजारो कोसांवरच्या दोन लोकांनी एकाच दाण्याला एकच नाव द्यावे, कारण दोघांचे दात एकाच अनुभवातून गेलेले! इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने ह्या गव्हाचे अनेक सुधारित वाण काढले आहेत. 'पुसा तेजस' हा त्यांपैकी अलीकडचा एक प्रसिद्ध वाण होय.

हा दाणा दळला असता पोळीच्या गव्हासारखे मऊ पीठ सहजी होत नाही; तो फुटतो आणि त्याचा पिवळा, रवाळ कण पडतो. त्यात प्रथिने भरपूर असतात व ती चिवट असतात. आता पास्ता शिजताना भांड्यात काय घडते, ते पाहा. गव्हात मुख्यतः दोन पदार्थ असतात, पिष्ट आणि प्रथिन. पाणी साठ-सत्तर अंशांच्या पुढे तापले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगू लागतात व शेवटी फुटून त्यांची खळ होते. त्याच वेळी प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन त्यांचे जाळे बनत असते. हे जाळे वेळेवर व बळकट बनले, तर फुगलेले पिष्ट त्यात कोंडून राहते आणि नळी नळीच राहते. जाळे दुबळे असेल, तर पिष्ट बाहेर सांडते व भांडेभर चिकटा होतो. कठिया गव्हात जाळ्याची सरशी होते, मैद्यात बहुधा पिष्टाची. म्हणून इटलीत १९६७ साली कायदाच झाला की, देशात होणारा वाळवलेला पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे. आपल्या बाजारात मात्र दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात. पाकिटाचे चित्र न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. शंभर ग्रॅमला प्रथिने बारा ग्रॅम किंवा अधिक दिसली, तर माल बहुधा चांगला समजावा.

आमची चूक गव्हाची नव्हती, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे उष्णता शंभर अंशांच्या बरीच वर जाते. तेवढ्या उष्णतेत आणि वेळेचा अंदाज नसताना उत्तम जाळेही टिकत नाही.

आता ही शेवई इटलीत कशी गेली, ह्याविषयी थोडेसे. मार्को पोलोने ती चीनमधून आणली अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. विद्यार्थ्यांनी ती विसरून जावी. मार्को पोलो परत आला १२९५ मध्ये, आणि जेनोव्हा शहरातील १२७९ च्या एका दस्तऐवजात, मृत माणसाच्या मालमत्तेच्या यादीत, मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद आहे. त्याहून जुना पुरावा सिसिली बेटाचा. अल-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलज्ञाने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी जो ग्रंथ पुरा केला, त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात व जहाजांत भरून दूरदूर जातात, असे लिहिले आहे. जहाजांत भरून जातात, ह्या शब्दांकडे लक्ष द्यावे. ओली शेवई जहाजात टिकत नाही. वाळवणाची ही कला होती. पुढे नेपल्सजवळचे ग्रान्यानो हे गाव तिच्यासाठी प्रसिद्धीस आले. डोंगर आणि समुद्र ह्यांच्या मधल्या त्या गावात भर रस्त्यावर काठ्यांवर पास्ता वाळत घातलेला असे.

हे वाचून मातोश्रींना त्यांचे माहेरचे अंगण आठवले. एप्रिल-मे महिन्यांत खाटेवर, दोरीवर, धुतलेल्या धोतरावर वाळत पडलेल्या शेवया. आणि लग्नघरात रुखवतासाठी बायका दुपारभर बसून वळीत ते गव्हले, मालत्या, नखुले. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले आम्ही इटालियन 'ओर्झो'च्या चित्राशेजारी ठेवले, तर मुलांना कोणते कोणाचे ते ओळखता येईना. आपल्याकडे फणीवर दाबून फणुले करतात. इटलीच्या रोमान्या प्रांतात 'गार्गानेल्ली' नावाच्या नळ्या अशाच दातेरी फणीवर वळतात. कोणी कोणाकडून घेतले असे मानण्याचे मुळीच कारण नाही. घरात कणीक होती, हात रिकामे होते आणि फणी जवळ होती, एवढे पुरे आहे. पास्ता अर्ध्या तासात होतो तो ह्यामुळे, की त्यातला वेळखाऊ भाग कोणीतरी आधीच उन्हात करून ठेवलेला असतो.

आता पाककृतीकडे वळू. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी, कातानिया नावाचे शहर आहे. तेथे उन्हाळ्यात घरोघरी होणारा पदार्थ म्हणजे 'पास्ता आल्ला नोर्मा'. विन्चेंझो बेल्लीनी हा संगीतकार १८०१ साली ह्याच शहरी जन्मला आणि 'नोर्मा' हे त्याचे १८३१ सालचे संगीत नाटक. त्या नाटकासारखाच हा पदार्थ अजोड, म्हणून त्यास ते नाव पडले असे तेथील लोक सांगतात. त्यात तळलेली वांगी, टोमॅटो, लसूण, सुवासिक पाने आणि खारवलेले चीज एवढेच असते.

ह्यातील वांगे हा आपला माणूस आहे. दक्षिण व आग्नेय आशिया ही त्याची जन्मभूमी. येथून ते इराणमार्गे अरबांकडे आणि अरबांबरोबर सिसिलीत गेले. इटालियन भाषेतील त्याचे 'मेलान्झाना' हे नाव अरबी 'बादिंजान'वरून आले आणि त्या शब्दाचे मूळ शब्दशास्त्रज्ञ फारसीतून थेट संस्कृत 'वातिंगण' शब्दापर्यंत नेऊन पोचवितात. टोमॅटोचा प्रवास उलट दिशेचा. तो दक्षिण अमेरिकेचा. स्पॅनिश लोकांमागून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि बराच काळ लोक त्याला भीतच होते. शेवयांना टोमॅटोचा रस्सा लावण्याची कृती नेपल्सच्या काव्हालकान्ती ह्याच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात १८३९ साली आढळते. म्हणजे ज्याला आज जग सनातन इटालियन जेवण समजते, ते दोनशे वर्षांहून फार जुने नाही. परकीय पदार्थ घरात आणू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या आमटीतला टोमॅटो आणि ठेच्यातली मिरची ह्यांचे मूळ गाव एकदा शोधून पाहावे.

चार माणसांसाठी सामग्री अशी: ड्यूरम गव्हाच्या पास्त्याच्या आखूड नळ्या ३२० ग्रॅम, जांभळी लांब वांगी ४०० ग्रॅम, पिकून लाल झालेले टोमॅटो ६०० ग्रॅम, लसणाच्या तीन पाकळ्या, तेल पाच-सहा मोठे चमचे, मीठ, आणि पाने व चीज ह्यांच्या जागी काय ते पुढे सांगतो. वांगी कमी बियांची निवडावीत. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नयेत. बारा-तेरा अंशांखाली ते बराच काळ राहिले तर त्यांचा सुवास मरतो. उन्हाळ्यात टोपलीत ठेवलेला टोमॅटो दोन दिवस लवकर पिकेल, पण टोमॅटोसारखा लागेल.

घरी येताच हातपाय धुऊन प्रथम वांगी चिरावीत. बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात, त्यांना चमचाभर मीठ चोळून चाळणीत ठेवावे. वांग्याचा गर म्हणजे हवेने भरलेला स्पंज. तो तसाच तेलात टाकला, तर घरातले सारे तेल पिऊन टाकील आणि तरीही 'आणखी' म्हणेल. मीठ लावल्याने पेशींतील पाणी बाहेर येते, स्पंज खाली बसतो व तेल कमी लागते. कडूपणा काढण्यासाठी मीठ लावतात असे म्हणतात. आजकालच्या वांग्यांत तसा कडूपणा फारसा नसतोच. वीस मिनिटे मिळाली तर उत्तम, पंधराही चालतील. मग फोडी धुऊन, मुठीत हलके दाबून, फडक्यावर कोरड्या कराव्यात. ओल्या फोडी तेलात टाकू नयेत, तेल उडते.

वांगी मिठात असतानाच तीन लिटर पाणी मोठ्या पातेल्यात चढवावे. शंभर ग्रॅम पास्त्यास एक लिटर पाणी व दहा ग्रॅम मीठ, असा इटलीतला ढोबळ नियम आहे. आम्ही हिशेब करून पाच लहान चमचे मीठ घातले, तेव्हा मातोश्रींनी कपाळाला हात लावला. परंतु त्यातले बहुतेक मीठ पाण्याबरोबरच जाते. नळीच्या आतपर्यंत चव पोचण्याची हीच एक वेळ असते. मागाहून वर घातलेले मीठ वरच राहते.

पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावरच पास्ता घालावा आणि पहिली दोन मिनिटे सतत ढवळावे. ह्या दोन मिनिटांत नळ्यांच्या पृष्ठभागावरचे पिष्ट चिकट होते व त्या एकमेकींना बिलगतात. ही वेळ टळली की मग त्या आपापल्या वाटेने जातात. पाण्यात तेल घालण्याचा जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो व्यर्थ आहे. तेल पाण्यावर तरंगते आणि पास्ता तळाशी शिजत असतो. त्यांची गाठ पडते ती ओतताना, आणि तेव्हा तेलाचा लेप बसून वरचा रस्सा नळीला धरत नाही.

पाकिटावर जी मिनिटे लिहिलेली असतात, त्यांविषयी इंदूरकरांना एक सूचना. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. येथे पाणी शंभरावर नव्हे, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. फरक थोडा आहे; पण दहा मिनिटांच्या जागी आम्हांस नेहमी अकरा लागतात. तथापि घड्याळापेक्षा दात विश्वासू. इटालियन लोक 'आल देन्ते' म्हणतात, म्हणजे 'दाताला लागेल असा'. नळी मोडून पाहावी. मध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसत असेल तेव्हाच ती उतरवावी. उरलेले शिजणे रस्स्यात होते. भाताचे शीत बोटांत दाबून आत कणी आहे का हे पाहण्याची जी रीत आपल्या घरी आहे, तीच ही परीक्षा. फक्त आपण भातातली कणी जाण्याची वाट पाहतो आणि येथे ती जाण्याच्या क्षणभर आधी थांबावयाचे असते.

दुसऱ्या शेगडीवर कढईत तेल तापवून वांग्याच्या फोडी मोठ्या आचेवर, दोन हप्त्यांत, बदामी रंगावर परताव्यात व काढून ठेवाव्यात. त्याच तेलात ठेचलेला लसूण मंद आचेवर टाकावा. तो पांढरा असतानाच, लाल होण्यापूर्वी, चिरलेले टोमॅटो घालावेत. येथे एक प्रश्न आम्ही नेहमी मुलांना विचारतो: वांगी टोमॅटोतच का शिजवू नयेत? तसे केल्यास वांगी लवकर मऊ होत नाहीत. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट रसात सहजी विरघळत नाही. डाळ शिजण्यापूर्वी आमटीत चिंच घालू नये, असे आपल्या घरच्या बायका जे पूर्वापार सांगत आल्या आहेत, त्याचे कारण बरेचसे हेच होय. टोमॅटो दहा-बारा मिनिटे शिजून दाट झाले, तेल कडेने सुटू लागले, की त्यांत वांगी घालावीत. टोमॅटोतील लाल द्रव्य तेलात विरघळणारे असल्यामुळे असा शिजवलेला टोमॅटो अंगी अधिक लागतो, हाही एक लाभ.

आता ह्या सर्व कृतीतील आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पास्ता निथळण्यापूर्वी त्याचे गढूळ पाणी एक पेला काढून ठेवावे. आणि निथळलेला पास्ता नळाखाली धुऊ नये, आमच्या शेजारच्या घरी धुतात तसा तर मुळीच नाही. त्या पाण्यात जे पिष्ट उतरलेले असते, ते तेल आणि टोमॅटोचे पाणी ह्यांना एकमेकांत मिसळून धरते. पास्ता कढईत टाकून त्यावर ह्यातले अर्धी वाटी पाणी घालावे व दोन मिनिटे मोठ्या आचेवर हलवावे. पाहता पाहता सुटे तेल व सुटे पाणी नाहीसे होऊन एक चकचकीत, दाट रस्सा नळ्यांना वेढतो. पहिल्यांदा हे घडताना पाहिले, तेव्हा आमच्या कन्येने "जादू!" म्हटले. तो मिश्रणाचा धडा आम्ही वर्गात तीनदा शिकविला होता. तिला तो त्या दिवशी कळला. शिजते पातेले उचलण्याचे व निथळण्याचे काम मात्र लहान मुलांनी करू नये. उकळत्या पाण्याचे तीन लिटर हे खेळणे नव्हे.

वर घालावयाची पाने म्हणजे इटलीतली 'बाझीलिको'. पुष्कळ जण ती तुळस समजतात आणि अंगणातली तुळस खुडतात. आमच्याही हातून तसे होणार होते, मातोश्रींनी वेळीच हटकले, "तुळस नैवेद्यावर ठेवायची, वांग्यावर नव्हे." शास्त्रही त्यांच्याच बाजूचे निघाले. ती वनस्पती तुळशीची बहीण खरी, पण तुळस नव्हे. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा म्हणजे तिचेच बी. पंसाऱ्याकडचे चिमूटभर सब्जाचे बी आम्ही कुंडीत पेरले. आठवड्यात उगवले आणि दीड महिन्यात पाने खुडण्याजोगी झाली. सुवास इटालियन जातीहून थोडा निराळा, पण त्याच घराण्यातला. खारवलेल्या चीजच्या जागी घरचे पनीर मीठ लावून, फडक्यात बांधून, पाट्याखाली दडपून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे व दुसऱ्या दिवशी किसून घालावे. मेंढीच्या दुधाची ती चव त्याला येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

सारे मिळून चाळीस मिनिटे लागतात. कन्येचा अर्ध्या तासाचा अंदाज वांग्यांनी हाणून पाडला. परंतु दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी मातोश्री सात वाजता दूध-पोळी न घेता ओट्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि नळी शिजली की नाही, हे दाताने सांगण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले. आमची अकरा मिनिटे त्यांना मान्य नाहीत. त्या "आता उतरव" म्हणतात तेव्हा आम्ही उतरवतो आणि आजवर एकदाही चूक झालेली नाही. पास्ता व रस्सा निरनिराळे तयार ठेवले, की शेवटची दोन मिनिटे सौभाग्यवती दारात चपला काढीपर्यंत थांबवता येतात. त्यासाठी नळ्या एक मिनिट आधी उतरवून, चमचाभर तेल लावून पसरून ठेवाव्यात. तेलाच्या लेपाविषयी वर लिहिले ते खरेच आहे. पण घरातले माणूस यावयाचे असताना थोडी तडजोड करावी लागते, आणि गढूळ पाण्याचा पेला तिची बरीचशी भरपाई करतो. सव्वानऊला पाच ताटे एकदम मांडली जातात.

आमच्या घरची एक अडचण उरली, ती पंचांगाची. आषाढातली कांदेनवमी झाली की मातोश्री चातुर्मास संपेपर्यंत वांगे आणि लसूण खात नाहीत. गेल्या वर्षी त्या दिवशी नोर्माचा शेवटचा प्रयोग झाला आणि पुन्हा तीन पंगती होणार, अशी आम्हांस धास्ती वाटली. उपाय पुन्हा सिसिलीतच सापडला. तेथे उन्हाळ्यात हातभर लांब, फिकट हिरवा भोपळा मंडईत येतो. तो म्हणजे आपला दुधीच. पालेर्मोकडे त्याच्या वेलाचे कोवळे शेंडे व पाने चिरून, टोमॅटोबरोबर पातळसर शिजवून, त्यात शेवयांचे तुकडे मोडून घालतात. ह्या पाल्याला 'तेनेरूमी' म्हणजे 'कोवळीक' असे गोड नाव आहे. तिकडे त्यात लसूण असतो, आम्ही तो गाळतो व जिऱ्याची चिमूट टाकतो. आमच्या परसात दुधीचा वेल आहे. आजवर त्याची पाने गाईला जात असत.